वृद्धाश्रमातील ज्येष्ठांशी बोलताना आधी अडथळा ओळखावा

एखादे आजोबा विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागले की ‘त्यांना आता काही समजत नाही’ असा शेरा फार लवकर मारला जातो आणि मग त्यांच्याशी होणारे बोलणे जेवण, औषधे आणि आंघोळ यांपुरते उरते. असा निष्कर्ष काढण्यापूर्वी चष्मा लावलेला आणि पुसलेला आहे का, कवळी नीट बसते का, कानात मळ साचला आहे का आणि श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली तर नाही ना, हे पाहावे.

वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात. कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. ओरडल्याने आवाज चिरका होतो, शब्द स्पष्ट होत नाहीत, आणि ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो तो वेगळाच. त्यापेक्षा टीव्ही बंद करून, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसावे आणि खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे. श्रवणयंत्र आजूबाजूचा गोंगाटही वाढवते, हे विसरू नये. वाक्य पोहोचले नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलावेत. ‘सकाळी फिरायला जाऊ या का?’ हे कळले नाही, तर ‘उद्या बागेत चालायचं का?’ असे विचारून पाहावे आणि उत्तरासाठी घाई न करता थांबावे.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या व्यक्तीला आपले बोलणे बऱ्याच अंशी समजत असू शकते. तिचे वाक्य आपण पूर्ण करू नये. हो-नाहीचे प्रश्न, चित्रे किंवा प्रत्यक्ष वस्तू यांचा आधार घ्यावा.

स्मृतिभ्रंश असेल तर ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न टाळावा. भेटायला येणारे तो प्रेमानेच विचारतात, पण समोरच्यासाठी ती परीक्षा ठरते. त्याऐवजी आपले नाव आणि नाते स्वतःहून सांगावे. आजी फार पूर्वी वारलेल्या आईची वाट पाहत असतील, तर त्यांना मृत्यूची आठवण करून देण्यापेक्षा ‘आईंबद्दल सांगा ना’ असे म्हणावे. नंतर शिकलेली भाषा मागे पडून त्या मातृभाषेतच बोलू लागल्या, तर तिच्यातले निदान चार शब्द शिकून घ्यावेत.

मात्र काल व्यवस्थित बोलणारी व्यक्ती आज अचानक असंबद्ध बोलू लागली किंवा गुंगीत दिसली, तर ते वयावर ढकलू नये. संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखादे औषध यामुळे असे घडू शकते, आणि चेहरा वाकडा होणे किंवा हात लुळा पडणे हे पक्षाघाताचे लक्षण असते. दोन्ही प्रसंगी डॉक्टरांना तातडीने बोलवावे.

कोणत्या कानाने बरे ऐकू येते, कोणती हाक आवडते आणि कोणत्या खुणेचा काय अर्थ आहे, हे काळजीच्या नोंदवहीत लिहून ठेवावे, म्हणजे रात्रपाळीला नव्याने आलेल्या सेविकेलाही ते कळेल.