नुसत्या नावावरून विष ठरवू नका: सायनोबॅक्टेरिया तपासताना या चुका टाळा

मायक्रोस्कोपखाली मायक्रोसिस्टिस (एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात तो पाण्यातला जिवाणू) दिसला की लगेच रिपोर्टमध्ये 'विषारी' लिहून मोकळं व्हायचं, हे बघून आता खरंच कंटाळा आलाय. एकाच ब्लूममध्ये (पाण्यात माजलेल्या दाट वाढीत) मायक्रोसिस्टिन हे विष बनवणारे आणि न बनवणारे स्ट्रेन (एकाच जातीचे उपप्रकार) एकत्र असतात, दिसायला सेम टू सेम. फरक असतो एमसीवाय जीन क्लस्टरचा, म्हणजे हे विष बनवणाऱ्या जीनच्या गटाचा, साधारण 55 हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), तो डोळ्याला कसा दिसणार? जिवाणू ओळखायला वापरतात त्या 16एस जीनच्या सिक्वेन्सवरूनही कळत नाही.

याहून मोठी चूक म्हणजे दुसऱ्या खंडातली माहिती आपल्या तलावाला चिकटवणं. रॅफिडिऑप्सिस रॅसिबोर्स्की या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियाचंच घ्या, ऑस्ट्रेलियातले स्ट्रेन सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे विष बनवतात, ब्राझीलमधले सॅक्सिटॉक्सिन हे वेगळंच विष आणि युरोपातल्या स्ट्रेनमध्ये या दोन्हीपैकी काहीच सापडलेलं नाही. एका टीमला हीच जात सापडली, त्यांनी ऑस्ट्रेलियाचे पेपर वाचून फक्त सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनची टेस्ट लावली, निगेटिव्ह आली आणि 'पाणी सुरक्षित' असा ड्राफ्टही तयार! मी हट्टाने उरलेल्या सॅम्पलवर सॅक्सिटॉक्सिनची टेस्ट करायला लावली तर ती पॉझिटिव्ह. एक किट वाचवायच्या नादात लोकांच्या जिवाशी खेळ झाला असता, म्हणून जात ओळखीची असो नसो, मी दोन्ही टेस्ट लावतेच.

पीसीआरवर (सॅम्पलमध्ये एखादा जीन आहे का हे बघणाऱ्या टेस्टवर) आंधळा विश्वास नको. प्लँक्टोथ्रिक्स या आणखी एका सायनोबॅक्टेरियामध्ये एमसीवाय जीन असूनही मध्येच तुकडा घुसल्यामुळे किंवा गळाल्यामुळे विष न बनवणारे स्ट्रेन सापडलेत. उलट प्राइमर (पीसीआरमध्ये जीन शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) दुसऱ्याच भागातल्या स्ट्रेनवरून बनवलेले असतील तर जीन असून निगेटिव्ह येऊ शकतं. मी त्या क्लस्टरमधला एमसीवाय-ई जीन बघते, पण सोबत प्रत्यक्ष विष मोजणारी एलायझा किंवा एलसी-एमएस टेस्ट असल्याशिवाय सही करत नाही.

सॅम्पल एकाच काठावरून घेऊ नका, वारा ब्लूमचा सगळा थर एकाच बाजूला ढकलतो. वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवलेल्या कल्चरवरून आजच्या ब्लूमचं भाकीत करू नका. आधी फिल्टर करून नुसतं पाणी तपासू नका, मायक्रोसिस्टिन बहुतांश पेशीच्या आत असतं, पेशी फुटाव्यात म्हणून दोन-तीनदा गोठवून वितळवा मग मोजा, घाई असली तरी.

आणि रिझल्ट यायच्या आधी ब्लूम मारायला कॉपर सल्फेट टाकायची घाई तर अजिबात नको, पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर धरणात कॉपर सल्फेट टाकल्यानंतर काही दिवसांतच 148 लोक आजारी पडले, त्यात 138 लहान मुलं होती.