इहिरीतले रंगीत गोटे जमवताय? या चुका टाळा

वऱ्हाडात उन्हाळ्यात विहिरीचं काम निघालं की काठावर काळ्या दगडांचा ढीग पडतो. त्यात मांजऱ्या खडक (पोकळ्यापोकळ्यांचा काळा दगड) असला, तर पोकळ्यांत खनिजांचे स्फटिक दिसतात: गुलाबी-केशरी स्टिलबाइट, विटकरी ह्युलंडाइट, नशीब असेल तर हिरवट अपोफिलाइट. शेतकऱ्याला विचारावं, तर तो म्हणतो, "न्या ना जी, आमाले काय कराचे हे गोटे?" मिळायला सोपे. वाट लागते ती घरी आणल्यावर.

मी पहिला नमुना अ‍ॅसिडनं घालवला. सुयांसारख्या पांढऱ्या स्फटिकांवर मातीचा पिवळा डाग होता, म्हणून संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. तासाभरानं सुयांच्या जागी बुळबुळीत थर. अशा सुया असलेल्या स्कोलेसाइट, नॅट्रोलाइट या खनिजांची मिठाच्या आम्लात (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये) जेलीच होते. स्टिलबाइटला साधं पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरे. सुयांना ब्रशही नको, नुसता पाण्याचा फवारा. डाग राहिला तर राहू द्या.

दुसरी चूक आपल्या भागाला शोभेल अशी: नमुना कापसात गुंडाळणं. घरात कापूस आहेच, म्हणून मीही गुंडाळला. कापसाचे तंतू सुयांत असे अडकले की चिमट्यानं ओढताना तंतूऐवजी सुयाच तुटल्या. पाठीमागच्या दगडाला कागद लावून नमुना खोक्यात घट्ट बसवा, स्फटिकांना काहीच टेकू नये.

टिनाच्या शेडमध्ये किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. स्टिलबाइट, ह्युलंडाइट, स्कोलेसाइट हे सगळे झिओलाइट गटातले, आणि झिओलाइटच्या आतल्या जाळीत पाणी असतं. १७५६ मध्ये क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं तो तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फुगला, म्हणून नाव झिओलाइट, म्हणजे ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. लॉमोंटाइट हा झिओलाइट तर कोरड्या हवेतच पाणी सोडतो, खडूसारखा पांढरा पडून भुगा होतो. तो मिळाला की आधी फोटो काढा. (अपोफिलाइट झिओलाइट नाही बरं का, फक्त त्यांच्या संगतीत सापडतो. दुकानदार मात्र सर्रास झिओलाइट म्हणूनच खपवतात.)

छन्नी पोकळीला टेकवून घण घालू नका. वीतभर लांबून, हळूहळू. डोळ्यांवर चष्मा हवाच. ताज्या सुरुंगाच्या ढिगाला तर हातच लावू नका, न उडालेली दारू आत असू शकते. खाणीत मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नये. आणि लोणारच्या विवरात एक खडाही उचलायचा नाही, ते अभयारण्य आहे.

उरली चिठ्ठी. गाव, शिवार, किती फुटांवरचा दगड, तारीख हे त्याच दिवशी लिहून दगडासोबत ठेवा. माझ्याकडे एका खोक्यात अकरा नमुने आहेत, एकाहून एक सुरेख, आणि एकाचंही गाव आता आठवत नाही.