सिल्की आजारी वाटली की आधी हात घाला, औषध मागनं

माझ्या सिल्की जातीच्या कोंबडीचं, कापशीचं, वजन ९४० ग्रॅमवरून ८१० वर उतरलं, त्या दिवशीही ती दाण्यासाठी सगळ्यांच्या पुढं धावत होती. लांबनं बघणारा म्हणाला असता, कोंबडी एकदम ठणठणीत. सिल्कीची गोम हीच आहे. अंगावर पिसं कसली, पिंजलेला कापूसच. आतली कोंबडी वाळून काटकी झाली तरी वरचा गोळा तेवढाच दिसतो.

मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहते, ब्लाउज शिवते. घरामागं दहा बाय बाराच्या जागेत पाच सिल्की आहेत. त्यातली काळी, बुगडी नावाची, दिसली की रस्त्यानं जाणारा हमखास विचारतो, "कडकनाथ हाय काय ओ? किलोला कितीला?" कडकनाथ झाबुआकडचा. कातडी दोघांचीही काळी, पण सिल्कीच्या पायाला पाच बोटं असतात आणि नडगीवर पिसं. रश्श्यासाठी मी त्या ठेवलेल्या नाहीत, हे सांगून सांगून तोंड दुखलं.

या काळ्या कातडीमुळं आजार ओळखताना घोळ होतो. गावठी कोंबडीचा तुरा लालबुंद असतो, तो फिका पडला की रक्त कमी झालं हे पोरालाही कळतं. सिल्कीचा तुरा मुळातच जांभळट, अक्रोडासारखा गुठळीचा, कानाची पाळी निळसर. नवीन पाळणारा तुऱ्याचा रंग बघून घाबरतो, किंवा घाबरायला हवं तेव्हा घाबरत नाही. म्हणून मी रंगावर जात नाही. हात, वजनकाटा आणि शिट, या तिन्हींवर जाते.

सकाळची पाच मिनिटं

खुराडं उघडलं की दाणा टाकायच्या आधी एकेक उचलायची. पहिल्यांदा गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्री झोपताना ती लिंबाएवढी भरलेली असते, सकाळी रिकामी लागली पाहिजे. सकाळीही कडक गोळा लागला तर अन्न अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी डचमळली आणि चोचीला आंबट वास आला तर आत आंबलंय.

मग बोटं छातीवर. मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर ती बऱ्याच दिवसांपासून झिजतेय, आज नाही. शेपूट वर करून मागची पिसं बघा. तिथं घाण चिकटून गोळा झाला असेल तर कोमट पाण्यानं धुऊन, सुकवून, थोडी पिसं कातरा. पिसांच्या बुडाला पांढरे पुंजके दिसले तर त्या उवांच्या लिखा.

रविवारी वजन. किराणा मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर प्लास्टिकची टोपली, काटा शून्यावर, मग कोंबडी. आमच्या कॅलेंडरवर गॅसची तारीख, दुधाचे खाडे आणि कोंबड्यांची वजनं एकाच चौकटीत असतात. माझा नियम असा, की वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर ती वेगळ्या खोक्यात, मग ती नाचत असली तरी. अंडी उबवायला खुडूक बसलेलीला थोडी सूट, ती खातच कमी. सिल्की तर वर्षातनं कितीदा खुडूक बसेल याचा नेम नाही. पण तिलाही दिवसातनं एकदा उचलून दाण्यापाण्यापुढं ठेवायचीच.

वेगळी काढलेलीच्या खाली पेपर अंथरा, म्हणजे शिट नीट दिसते. तपकिरी गोळी आणि वर पांढरी टोपी, ही चांगली. मधनंच काळपट, चिकट आणि घाण वासाची पडते तीही चांगलीच, तिला जुलाब समजू नका. हिरवीगार पातळ म्हणजे बहुतेक वेळा पोट रिकामं आहे आणि नुसतं पित्त पडतंय. खाणं का सुटलं ते शोधा. रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही.

मान वाकडी झाली तर

बुगडीची मान पिळवटून पायांत गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मानमोडी आली गं, सगळ्या जातील आता." त्यांचंही चूक नव्हतं. आपल्याकडं राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाला मानमोडीच म्हणतात, आणि त्यात गावच्या गाव कोंबड्या मेलेल्या त्यांनी बघितल्यात. पण सिल्कीची मान वाकडी व्हायला दुसरंही कारण असतं, आणि तिथं कोंबडी वाचते.

बऱ्याच सिल्कींच्या कवटीला डोक्यावरच्या पिसांच्या झुपक्याखाली फुगवटा असतो आणि तिथं हाड पुरतं जुळलेलं नसतं. तान्ह्या बाळाची टाळू आठवा. बाळाची भरते, हिची कित्येकदा भरत नाही. त्या जागी एक टोच बसली तरी मेंदूला सूज येते. जीवनसत्त्व ई किंवा बी-१ कमी पडलं तरी मान अशीच पिळवटते.

फरक कसा करायचा? बाकीच्यांकडं बघा. मानमोडी एकटीला गाठून थांबत नाही. इतरही मरगळतात, तोंड उघडून श्वास घेतात, घशातनं घरघर येते, हिरवट जुलाब होतात, पटापट मरतात. माझ्या बाकीच्या चौघी उकिरडा उकरण्यात दंग होत्या, आणि सगळ्यांना लस झालेली होती. बुगडीच्या डोक्यावरची पिसं बाजूला केली तर टाळूवर सुकलेलं रक्त. शेजारचा गावठी कोंबडा कुंपणावरनं आला होता, हे मग पोरानं कबूल केलं. दार त्यानंच उघडं टाकलेलं.

आणखी एक आजार डोक्यात ठेवा, मॅरेक. एक पाय पुढं, एक मागं टाकून पिल्लू पडून राहतं, पंख लोंबतो. दीड-दोन महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लांत जास्त, आणि सिल्की त्याला लवकर बळी पडते. त्याला औषध नाही. लस अंड्यातनं बाहेर आल्या आल्या पहिल्याच दिवशी द्यायची असते, म्हणून पिल्लू घेताना ती दिली का हे विचारा.

बुगडीला डॉक्टरांकडं नेलं. सूज उतरायचं औषध त्यांनी दिलं, ते त्यांच्याच हातानं द्यावं. घरातली आपली दुखण्याची गोळी अर्धी करून द्यायची नाही. माझ्याकडचं काम एवढंच: टॉवेलची चुंबळ करून तीत तिला बसवायचं, म्हणजे ती उलटीपालटी होत नाही. अंधारी, उबदार, शांत जागा. शिलाई मशीनपासनं लांब, कारण घाबरली की मान आणखी पिळायची. जीवनसत्त्व ईची एव्हिऑन ४०० कॅप्सूल टोचून रोज एक, भिजवलेल्या खाद्यात. उकडलेल्या अंड्याचा बलकही त्यात, त्यातनं सेलेनियम मिळतं. शिवाय बी-कॉम्प्लेक्स.

पाणी पाजताना सिरिंज घशात सोडू नका. कोंबडीच्या जिभेमागंच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती आपण होऊन गिळते. खाद्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या, दिवसातनं पाचसहा वेळा. एक ब्लाउज संपला की एक फेरी, असं मी धरलं होतं. बाराव्या दिवशी तिनं मान सरळ करून स्वतः दाणा टिपला. नीट व्हायला पाच आठवडे गेले. मान सरळ झाली म्हणून जीवनसत्त्वं लगेच बंद करू नका, आणखी दोन आठवडे द्या.

पावसाळा

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की बावड्यातली माणसं सामान माळ्यावर चढवतात, मी खुराड्यात अंथरायच्या तुसाची पोती चढवते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही माणसं, कोंबड्या आणि मशीन एकाच खोलीत होतो. पाणी ओसरल्यावर खुराड्यातला तूस वरनं सुका वाटला म्हणून मी तसाच ठेवला. आठवड्यात दोन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून, पाठ वाकवून उभी. पेपरवर रक्त.

तो कॉक्सिडिओसिस. त्याचे जंतू शिटेतनं पडतात आणि ओल-ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना मोठा धोका. औषध अँप्रोलियम, पाण्यातनं. पाकिटावरची टक्केवारी वाचा. २० टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, रोज ताजं पाणी, आणि दुसरं पाणी कुठंही ठेवायचं नाही. एक चूक सगळेच करतात. पिल्लू अशक्त झालंय म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स देतात. अँप्रोलियम त्या जंतूचं बी-१ तोडूनच काम करतं, तुम्ही वरनं बी-१ ओतलं तर औषध फुकट. जीवनसत्त्वं औषध संपल्यावर. माझं एक पिल्लू वाचलं, एक गेलं. आता ओला तूस दिसला की त्याच दिवशी बाहेर.

भिजणं हा सिल्कीचा वेगळाच आजार म्हणा. तिच्या पिसांना आकडे नसतात, त्यामुळं ती एकमेकांत अडकत नाहीत आणि पाणी थेट कातडीपर्यंत जातं. भिजलेली सिल्की टॉवेलनं टिपून, हेअर ड्रायरच्या कोमट वाऱ्यावर बुडापासनं वाळवा. तिचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, १०५ ते १०७ फॅरनहाइट हे तिचं रोजचंच. तेव्हा "ताप आलाय" म्हणून गार पाणी लावू नका.

कापशी आणि माझा दोरा

आता कापशी. गळ्याची पिशवी सकाळीही कडक, वजन घसरलेलं. थोडं खोबरेल चोचीतनं थेंबथेंब दिलं, दाणा बंद करून नुसतं पाणी ठेवलं, गोळा बोटांनी हलका चोळला. दोन दिवस. उलटी टांगून ओकायला लावतात तसलं काही केलं नाही, त्यात आंबलेलं पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी जागेवर मरते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पिशवी उघडली, आतनं गवताच्या गुंत्यात माझाच मरून रंगाचा दोरा निघाला. हातभर. त्या दिवसापासनं काजं-बटणांचं काम दार लावून. दोरा पायाच्या पिसांत गुंतून बोटालाही आवळतो, म्हणून पाय रोज बघा.

पायाचे खवले वर उचललेले, खडबडीत दिसले तर आत किडे आहेत. पाय साबणानं जुन्या टूथब्रशनं धुवा आणि व्हॅसलीन चोपडा, दोन-तीन दिवसांआड, महिनाभर. जुनी माणसं रॉकेल सांगतात, कातडी भाजते, नको. उवांची पावडर पशुवैद्यकीय दुकानातनं घ्या आणि सात ते दहा दिवसांनी परत मारा, पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत.

शिंका आल्या तर आधी स्वतः खुराड्यात उकिडवं बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीला न्या. तिथं डोळे चुरचुरले तर दोष तुसाचा, बदला. डोळ्यावर येणारी डोक्यावरच्या झुपक्याची पिसं मी माझ्या छोट्या कात्रीनं कातरते, नुसत्या त्यांनीही डोळा गळतो. ताजं, बुडाशी निळं दिसणारं पीस कापू नका, रक्त येतं. पण डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, घरघर, किंवा चेहरा सुजून घाण वास येत असेल तर डॉक्टर. प्रतिजैविक त्यांनी सांगितलं तेवढे दिवस पुरं द्यायचं, आणि ते सांगतील तोवर अंडी खायची नाहीत. फेसवाली बरी दिसली तरी रोग अंगात ठेवू शकते, तिला दुसऱ्याच्या कळपात देऊ नका. बाजारातनं आणलेली नवीन कोंबडी महिनाभर वेगळी ठेवा. मी एकदा आठवड्यात मिसळली होती, पुढचे दोन महिने डोळे पुसण्यात गेले.

राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात परत, मग सहा ते आठ आठवड्यांची झाली की आरटूबी ही लस टोचून. कुपी बऱ्याच कोंबड्यांची येते, म्हणून गल्लीतल्या तिघी-चौघींनी मिळून घ्या, बर्फात आणा. आणि एका रात्रीत दोन-चार मेलेल्या सापडल्या तर हात लावू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला होता, ते विसरायचं नाही.

बरी झालेली कोंबडी परत सोडताना घाई नको. पाच आठवडे आत राहिलेल्या बुगडीला बाकीच्या चौघी ओळखेनात. पहिल्याच दिवशी चिमी तिच्या टाळूवर धावली, नेमकी तिथंच. मग आठवडाभर दोघींच्या मध्ये जाळी लावली, दाणा जाळीच्या दोन्ही बाजूंना टाकला, आणि एका रात्री अंधारात बुगडीला उचलून झोपलेल्यांच्या ढिगात ठेवलं. सकाळी खुराडं उघडलं तेव्हा चिमी तिच्या पंखाखाली डोकं घालून झोपली होती.