मातीतून प्रतिजैविक शोधताना: नवख्या संशोधकांसाठी काही अनुभव

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी नदीकाठच्या मातीतून स्ट्रेप्टोमायसीस, म्हणजे प्रतिजैविके बनवणारे मातीतले जीवाणू, वेगळे करू लागले. माती सावलीत वाळवून थोडी तापवली, की भराभर वाढणारे इतर जीवाणू मागे पडतात आणि स्ट्रेप्टोमायसीसचे बीजाणू तगून राहतात. खडूच्या भुकटीसारख्या, लूपने (तारेच्या कडीने) उचलू गेल्यास अगारला, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमाला, घट्ट धरून राहणाऱ्या वसाहती आणि प्लेट उघडताच येणारा पहिल्या पावसाचा वास, ही त्यांची ओळख.

त्यांतल्या एका स्ट्रेनच्या (वाणाच्या) नारिंगी अर्काने एमआरएसएच्या, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या, प्लेटवर मोठे, स्वच्छ, म्हणजे जीवाणू न वाढलेले, वर्तुळ दिले. त्यातला रेणू शुद्ध करण्यात आठ महिने गेले आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीत वस्तुमान सुमारे १२५५ डाल्टन आले, तेव्हा तो ॲक्टिनोमायसिन डी असल्याचे कळले. वॅक्समन आणि वुड्रफ यांनी १९४० मध्येच ॲक्टिनोमायसिन शोधले होते. ते आपल्या पेशींनाही इतके विषारी असते, की त्याचा उपयोग संसर्गावर नव्हे, तर काही कर्करोगांवर होतो. रंगाकडे लक्ष देऊन अर्काचे वस्तुमान पहिल्याच आठवड्यात तपासले असते, तर ते आठ महिने वाचले असते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की शुद्धीकरणाला हात घालण्यापूर्वी ज्ञात रेणू वगळावेत.

वर्तुळाच्या व्यासावरून अर्काची ताकद ठरवू नये. अगारमध्ये सहज पसरणारा दुबळा रेणू मोठे वर्तुळ देतो, तर प्रभावी पण आकाराने मोठा रेणू जागीच अडकून पडतो. त्याऐवजी एमआयसी, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढावी, प्रत्येक वेळी तुलनेसाठी अर्काविना नुसत्या द्रावकाचा कंट्रोल ठेवावा आणि मानवी पेशींवरील चाचणी लवकर करून घ्यावी. वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांना तर द्रावकाचा कंट्रोल टाळताच येणार नाही, कारण मिथेनॉल स्वतःच जीवाणू मारू शकते.

या मार्गावर माझा विश्वास आजही आहे. व्हॅन्कोमायसिन बोर्निओच्या मातीतल्या जीवाणूकडून मिळाले. बुरशीवरचे हमायसिन आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडले. २०१५ मध्ये जाहीर झालेले टेक्सोबॅक्टिन तर प्लेटवर एरवी न वाढणाऱ्या जीवाणूला मातीतच वाढवून मिळवले गेले, आणि नव्या विद्यार्थ्यांनी अशाच न वाढणाऱ्या जीवाणूंकडे वळावे, असे मला वाटते.

चांगला स्ट्रेन हाती लागला, तर त्याच दिवशी तो ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावा आणि नळीवर मातीचे ठिकाण व तारीख लिहावी. वारंवार नव्या प्लेटवर घेत राहिल्यास काही स्ट्रेन प्रतिजैविक बनवणेच थांबवतात.