म्युझिकल वेगळ्या आकाराच्या थिएटरात नेताय? आधी स्कोअर उघडा

प्रोसेनियमवर बसवलेलं म्युझिकल थ्रस्टवर किंवा चारी बाजूंनी प्रेक्षक असलेल्या एरिनात न्यायचं ठरलं की पहिली मीटिंग हमखास सेटवरच होते. जिना बसेल का, पडदे कुठे टांगायचे, घराची भिंत कापायची की नवीन बांधायची, तासन् तास तेच चालतं. माझं म्हणणं असं की सेट थोडा थांबू दे आणि म्युझिक डायरेक्टरला शेजारी बसवून आधी स्कोअर, म्हणजे गाण्यांचं लिहिलेलं संगीत, उघडा. गद्य नाटकात नट दोन सेकंद उशिरा पोचला तर तो वाक्यही दोन सेकंद उशिरा घेतो, कुणाला कळत नाही. म्युझिकलमध्ये घड्याळ बँडच्या हातात असतं. आठ बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) विंगेतून सेंटरला यायचं ठरलेलं आहे आणि नवीन जागी विंगच नाही, एंट्री प्रेक्षकांमधल्या वाटेतून आहे, तर गाण्याची पहिली ओळ आली तेव्हा तो बिचारा अजून वाटेतच असणार. म्हणून आधी वेळ, मग नजर, आणि सेट त्याच्यानंतर. मी तरी याच क्रमाने जाईन.

नवीन लोकांसाठी पटकन, प्रोसेनियम म्हणजे प्रेक्षक एकाच बाजूला, थ्रस्ट म्हणजे तीन बाजूंना, एरिना म्हणजे चारी बाजूंना आणि ट्रॅव्हर्स म्हणजे दोन बाजूंना समोरासमोर, मधून लांबट स्टेज.

काहीही हलवायच्या आधी एक वही करा. प्रत्येक गाण्यातले आणि गाण्यांमधले महत्त्वाचे क्षण एकाखाली एक लिहायचे आणि समोर लिहायचं की या क्षणी प्रेक्षकाला काय दिसलं, काय कळलं पाहिजे आणि कुणाचा चेहरा दिसलाच पाहिजे. कोण कुठे उभं आहे ते यात लिहायचं नाही, ते प्रॉम्प्ट बुकात, म्हणजे सगळ्या हालचाली नोंदलेल्या संहितेत, आहेच. म्हणजे 'आई अपस्टेज लेफ्टला जाते' (अपस्टेज म्हणजे स्टेजची मागची बाजू, डाउनस्टेज पुढची) असं लिहू नका, 'आईने पत्र पाहिलंय हे मुलीच्या आधी आपल्याला कळतं' असं लिहा. नवीन जागी अपस्टेज लेफ्ट उरणारच नाही कदाचित, पण पत्राची गोष्ट उरली पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण ज्या टीम हे करत नाहीत त्या जुने फोटो समोर ठेवून तीच चित्रं नवीन जागेत कोंबत बसतात आणि मग दोन बाजूंच्या लोकांना पाठीच दिसतात.

आता वेळ. नवीन थिएटरचा प्लॅन मिळाला की प्रत्येक एंट्री-एक्झिटचं अंतर मोजा, सरळ रेषेत नाही, खरी वाट, पायऱ्यांसकट. साधं चालणं सेकंदाला अंदाजे १.३ मीटर धरा, घेरदार कपडे, हातात सामान किंवा पायऱ्या असतील तर त्याहून कमी. आता १२० च्या टेम्पोला चार मात्रांचा एक बार बरोबर २ सेकंदांचा होतो. एंट्री ८ मीटरने लांबली तर सहा सेकंद वाढले, म्हणजे ३ बार. आणि ३ बार ही अडचणीची संख्या आहे कारण संगीत बहुतेक वेळा चार-आठच्या घरात श्वास घेतं, मध्येच तीन बार घुसवले तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण काहीतरी अडखळल्यासारखं होतं. मग मार्ग काय, तर एकतर नटाला आधीच्या संवादावरच निघायला लावायचं, किंवा पूर्ण ४ बार वाढवून तो जास्तीचा बार एखाद्या नजरेला द्यायचा, किंवा तिथे व्हॅम्प ठेवायचा म्हणजे कंडक्टर तोच तुकडा नट पोचेपर्यंत फिरवत राहील, किंवा सरळ पहिली ओळ चालता चालताच गाऊ द्यायची. मला शेवटचा मार्ग सगळ्यात आवडतो, थ्रस्टमध्ये प्रेक्षकांच्या शेजारून जाणारा आवाज फार जवळचा वाटतो. उलटंही होतं, जागा लहान झाली की नट लवकर पोचतो आणि उरलेल्या संगीतात नुसता उभा राहतो, तिथे बार कापावे लागतात. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या ठोक्यावर, चालणारी गाणी असतील तर हे सगळं लवकर ठरवा कारण ट्रॅक नव्याने बनवायला लागतात आणि प्रत्येक वादकाचे कागद बदलतात. आणि हो, लायसन्स घेऊन करत असाल तर संगीतात किंवा शब्दांत बदल करायच्या आधी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या, चार बारसुद्धा बदलच असतो.

नजरेचा भाग सगळ्यात मोठा आहे. थ्रस्टमध्ये एकट्याचं गाणं स्टेजच्या पार पुढच्या टोकाला नेऊ नका. मोह होतो कारण प्रेक्षक जवळ येतात, पण तिथे उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या बऱ्याच लोकांना पाठ किंवा कान. थोडं मागे, जिथून तिन्ही बाजू डोळ्यांच्या टप्प्यात येतात, ती जागा बलवान. एरिनात उलट, तिथे मधोमध उभं राहिलं की कायम निम्म्या लोकांना पाठ. तिथे बलवान जागा म्हणजे कोपरे, जिथून वाटा बाहेर जातात. वाटेच्या तोंडाशी पाठ करून उभं राहिलं की पाठीमागे फारसं कुणी बसलेलंच नसतं. दोघांचा सीन असेल तर दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, तिरप्या रेषेत. आणि हलायचं कधी, तर गाण्यातला विचार बदलतो तिथे, म्हणजे वर्स (कडवं) संपून ब्रिज (वेगळ्या चालीचा मधला तुकडा) येतो तिथे. दर आठ बारला गोल फिरणारा गायक दिसला की समजायचं दिग्दर्शकाने कारण शोधलेलं नाहीये.

फर्निचरचंही इथेच बघा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, त्यामुळे पहिली रांग स्टेजच्या पातळीलाच असेल तर उंच पाठीच्या खुर्च्या, कपाटं, दारं सगळी बाद. दाराची फक्त चौकट चालते, खिडकी वरून लोंबकळती चालते. थप्पड, मारामारी, चुंबनाची बतावणी हे सगळं एका बाजूला आड करून केलेलं असतं, एरिनात आड असं काही नसतंच, त्यामुळे फाइट डायरेक्टरला पुन्हा बोलवा आणि ते नव्याने बसवा, जुनंच थोडं वळवून भागत नाही.

कोरस आणि डान्स. प्रोसेनियमवर स्टेजच्या पुढच्या कडेला आकडे लावलेले असतात, मध्ये शून्य आणि दोन्हीकडे वाढत जाणारे, डान्सर त्यावर आपली जागा धरतात. एरिनात पुढची कडच नाही. तिथे घड्याळ वापरा, कंट्रोल रूम किंवा बँडची बाजू म्हणजे बारा वाजले, आणि तालमीच्या पहिल्या दिवसापासून अपस्टेज-डाउनस्टेज हे शब्द पूर्ण बंद करा, नाहीतर प्रत्येक जण मनातल्या मनात भाषांतर करत नाचतो आणि अर्धा बार मागे पडतो. एका ओळीत समोर बघून सगळ्यांनी तीच स्टेप करणं हा प्रोसेनियमचा राजा आहे पण चार बाजूंनी तो बारीक काडीसारखा दिसतो. तीच स्टेप चार गटांना चार दिशांना तोंड करून द्या, किंवा कॅननमध्ये, म्हणजे एका गटामागे दोन मात्रांनी दुसरा गट, म्हणजे लाट सगळ्या बाजूंना पोचते. गाण्याचं शेवटचं चित्र, बटन म्हणतात ते, यावर वेगळी तालीम ठेवा. टाळी तिथे पडते. सगळे हात वर करून समोर बघणारं चित्र एरिनात तीन बाजूंना कळतच नाही, त्याऐवजी उंची वापरा, मध्ये कुणीतरी उचललेलं किंवा टेबलावर चढलेलं आणि बाकीचे बाहेर तोंड करून, हे चारीकडून वाचता येतं.

खरी उदाहरणं बघायची असतील तर 'फन होम' अभ्यासा. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये २०१३ ला प्रेक्षक एकाच बाजूला होते, २०१५ मध्ये ब्रॉडवेला सर्कल इन द स्क्वेअरमध्ये गेलं तेव्हा चारी बाजूंना. दिग्दर्शक सॅम गोल्ड तेच. तिथे फर्निचर जमिनीतल्या झडपांमधून वर यायचं आणि खाली जायचं. आठवणीतून उभं राहणारं घर आहे ते, त्यामुळे वस्तू उगवणं आणि नाहीशी होणं हेच गोष्टीला धरून झालं. त्या वर्षी बेस्ट म्युझिकलचा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार, त्यालाच मिळाला. असं काहीतरी शोधायचं असतं, नवीन इमारत जे देते त्यातून गोष्टीचं एखादं अंग जास्त उघड होतंय का ते.

उलट्या दिशेचा प्रवास, म्हणजे जवळच्या गोल जागेतून मोठ्या प्रोसेनियमला, मला तर जास्त अवघड वाटतो. 'हेडीसटाउन' २०१६ ला न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये अँफिथिएटरसारखी बैठक करून झालं, मग २०१७ एडमंटन, २०१८ लंडनच्या नॅशनलचं ऑलिव्हिए, आणि २०१९ ला ब्रॉडवेचं वॉल्टर कर. सुरुवातीला कामगारांचा कोरस नव्हता, ब्रॉडवेवर पाच जणांचा होता, आणि पाताळात खाली उतरण्याच्या त्या गोष्टीला फिरती स्टेज आणि मधली लिफ्ट मिळाली. 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२' तर २०१२ ला जेमतेम ८७ सीटच्या आर्स नोव्हात सुरू झालं, पुढच्या वर्षी तंबूत गेलं, आणि २०१६ ला इंपीरियलसारख्या मोठ्या प्रोसेनियमला पोचल्यावर त्यांनी प्रेक्षकच स्टेजवर बसवले आणि हॉलभर वाटा काढल्या. डिझायनर मिमी लियन यांना त्या सेटसाठी २०१७ चा टोनी मिळाला. आपल्याकडे एवढं बजेट नसेल तर एक साधं काम करा, स्टेजचं तोंड काळ्या पोर्टलने, म्हणजे आत लावलेल्या काळ्या चौकटीने, लहान करा. रुंदी भरायला माणसं लांब लांब उभी केली की दोघांमधला ताण तुटतो, त्यापेक्षा चौकट छोटी करून जुनी अंतरं राखलेली बरी.

साउंडवाल्याला प्लॅन पहिल्याच आठवड्यात द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरवरचा बँड गायकाला २९ मिलीसेकंद उशिरा ऐकू येतो. हे लहान वाटतं पण त्यावर धरून गायलं की गाणं मागे ओढलं जातं. त्यामुळे बँड लांबच्या खोलीत किंवा बाल्कनीत गेला तर स्टेजवर मॉनिटर स्पीकर पाहिजेत आणि कंडक्टरचा स्क्रीन गायक ज्या ज्या दिशेला तोंड करतो त्या प्रत्येक दिशेला पाहिजे, एरिनात चारही बाजूंना. तो स्क्रीन चित्र उशिरा दाखवणारा नसावा, साध्या टीव्हीला बऱ्याचदा हा लॅग असतो, एक माणूस टाळी वाजवून आधी तपासून घ्या. थ्रस्टमध्ये नट स्पीकरच्या समोर येतात आणि माइक शिटी मारतो, म्हणून मोठे दोन स्पीकर ठेवण्यापेक्षा छोटे छोटे जास्त ठेवून प्रत्येकाला वेगळा डिले, म्हणजे मुद्दाम दिलेला किंचित उशीर, देणं चांगलं, म्हणजे आवाज गाणाऱ्याच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. चार बाजूंनी बसलेल्यांना एवढ्या घोळक्यातून कोण गातंय हे कळणं, याची किंमत मला बाकी कुठल्याही इफेक्टपेक्षा जास्त वाटते.

लाइटचं थोडक्यात. एरिनात एका बाजूचा फ्रंट लाइट हा समोरच्या बाजूचा बॅक लाइट असतो आणि कोन खाली ठेवला तर थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत. कोन वर न्यावा लागतो, मग डोळ्यांखाली सावल्या येतात, त्यासाठी टोप्या आणि पुढे येणारे केस यांच्याकडे पुन्हा बघा. जमीन हाच सगळ्यात मोठा सेट होतो, रंग आणि पैसा तिथे घाला. पडदा नाही त्यामुळे ब्लॅकआउटमध्ये बाहेर जायची वाट चमकत्या टेपने आखा आणि अंधारात खरोखर चालून बघा. वाटा या आगीच्या वेळी बाहेर पडायच्याही वाटा असतात, तिथे सामान ठेवायचं नाही आणि कोरसला बसवायचं असेल तर आधी थिएटरच्या सेफ्टीवाल्या माणसाला विचारायचं.

कपडे बदलायची जागा लोक विसरतातच. विंगेत तीस सेकंदांत होणारा क्विक चेंज आता हॉलला वळसा घालून करायचा असतो. ड्रेसरला घेऊन वाट पळून बघा, बसत नसेल तर एकावर एक कपडे घाला किंवा बदल प्रेक्षकांसमोरच करा आणि त्यालाच हालचाल बनवा.

तालमीच्या खोलीत नवीन स्टेजचा आकार टेपने पूर्ण मापात आखा आणि चारी बाजूंना खुर्च्या मांडा. रिकाम्या नाही, जो कुणी त्या सीनमध्ये नाही त्याला तिथे बसवा आणि दिग्दर्शकाने दर सीनला खुर्ची बदलावी. एकाच खुर्चीतून बसवलेलं एरिना म्हणजे परत प्रोसेनियमच होतं. टेकमध्ये, म्हणजे लाइट-साउंडसकटच्या तालमीत, क्यू टू क्यू (एका इशाऱ्यावरून थेट पुढच्या इशाऱ्यावर) करताना आधी सगळे ट्रान्झिशन संगीतासकट घ्या, सीन नंतर, कारण फुटणार ते तिथेच. प्रिव्ह्यू, म्हणजे ओपनिंगआधीचे प्रयोग, सुरू झाले की रोज सगळ्यात वाईट सीटवर बसा, खांबामागची, बाल्कनीच्या टोकाची, आणि वही घेऊन बघा की त्यातला कुठला क्षण त्या सीटला पोचत नाहीये. सगळे पोचवता येणार नाहीत, पण ज्याच्यावर पुढची गोष्ट उभी आहे तो प्रत्येक सीटला मिळालाच पाहिजे.

आणि स्विंग लोकांना, म्हणजे कोरसमधलं कुणी नसेल तर त्याच्या जागी उतरणाऱ्यांना, विसरू नका, पाच-सहा जणांच्या जागा आणि हालचाली डोक्यात ठेवणारी ही माणसं जुन्या आकड्यांच्या नोंदींवर असतात. प्रत्येक बदल झाला की त्याच संध्याकाळी त्यांच्या चार्टवर घड्याळाच्या नवीन खुणांसकट उतरवा आणि ओपनिंगच्या आधी त्यांना एकदा तरी पूर्ण बँडसोबत खऱ्या स्टेजवर चालवा.