व्हीएम कुठल्या होस्टवर चालावी: क्लस्टरचे नियम लावताना या चुका टाळा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतला मध्यम कारखाना घ्या किंवा शहरातलं एखादं हॉस्पिटल, सर्व्हर रूममध्ये तीन-चार होस्टचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरचा, क्लस्टर असतो. व्हीएम (होस्टवर चालणारं आभासी मशीन) कुठे चालावी याचे नियम सगळ्यात जास्त अंगाशी येतात ते अशाच ठिकाणी. वीस होस्टच्या क्लस्टरमध्ये चुकीचा नियम वर्षानुवर्षं लपून राहतो. तीन होस्ट असतील, तर एक बंद पडला की लगेच दिसतो, आणि तेव्हा प्रॉडक्शन थांबलेलं असतं.

'शुड' पुरेसं असताना 'मस्ट' लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये डीआरएस ही व्हीएम होस्टांवर वाटणारी यंत्रणा आहे; तिच्यात व्हीएमचा ग्रुप आणि होस्टचा ग्रुप बांधताना दोन जाती असतात: मस्ट (मोडता येत नाही) आणि शुड (शक्यतो पाळायचा). 'मस्ट' जास्त पक्कं वाटतं म्हणून लोक तेच निवडतात. पण मस्ट नियम फक्त डीआरएस पाळत नाही, होस्ट पडल्यावर व्हीएम दुसरीकडे उठवणारं एचएसुद्धा पाळतं. ईआरपीची व्हीएम पहिल्या दोन होस्टला मस्टने बांधलेली असेल आणि ते दोन्ही गेले, तर तिसऱ्या होस्टवर भरपूर मेमरी रिकामी असूनही एचए ती व्हीएम तिथे उठवणार नाही. हाताने व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) करायला गेलात तरी नकारच मिळेल.

अशा वेळी घाईत डीआरएस बंद करायचा मोह होतो. तो आवरा. डीआरएस बंद केल्यावरही मस्टचं बंधन सुटत नाही, उलट रिसोर्स पूलची (सीपीयू-मेमरीच्या वाटपाची) रचना मात्र पुसली जाते. नियम काढायचा तर डीआरएस चालूच ठेवून तो नियम डिसेबल करायचा.

मस्टची खरी जागा लायसन्सची. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर असतं, एका सर्व्हरला किमान 16 कोअर धरावे लागतात, आणि स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर भरल्यावर दोन व्हीएमचा हक्क मिळतो. व्हीएम ज्या ज्या होस्टवर जाऊ शकते, त्या प्रत्येकाचं लायसन्स लागतं. चारपैकी दोनच होस्टचं घेतलं असेल, तर मस्ट बरोबर. फक्त नियमाच्या नावातच 'लायसन्स' लिहा, म्हणजे रात्री दोनला फोन उचलणाऱ्याला तो का आहे ते कळेल.

डोंगलवाल्या (लायसन्सची यूएसबी किल्ली लागणाऱ्या) सॉफ्टवेअरला मात्र नियमाने बांधून काही साधत नाही. होस्ट मेला की डोंगल त्याच्याच मागे खोचलेलं राहतं. नेटवर्कवरून यूएसबी देणारा डबा घ्या आणि व्हीएम मोकळी सोडा.

जितके होस्ट तितक्याच व्हीएम वेगळ्या ठेवणं

डेटाबेसचे तीन नोड (प्रत्येक एका व्हीएमवर), तीन होस्ट, आणि 'तिघे कधी एकत्र नकोत' असा अँटी-अफिनिटी नियम. कागदावर उत्तम. पॅचिंगच्या दिवशी एक होस्ट मेंटेनन्स मोडला टाका (म्हणजे त्यावरच्या व्हीएम दुसरीकडे हलवून तो रिकामा करा), काम मध्येच अडकून बसेल. तिथल्या नोडला जायला जागाच उरत नाही, आणि डीआरएस स्वतःहून नियम मोडत नाही. वेगळ्या ठेवायच्या व्हीएम होस्टच्या संख्येपेक्षा एकने तरी कमी असाव्यात. ते जमत नसेल तर पॅचिंगपुरता नियम डिसेबल करा, आणि तो परत चालू करणं हे त्याच तिकिटातलं शेवटचं काम म्हणून लिहा.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं वागणं वेगळं आहे. तिथला अँटी-अफिनिटी क्लास मुळात सैल असतो. जागा नसेल तर दोन्ही व्हीएम एकाच नोडवर (इथे नोड म्हणजे होस्ट) चालतात. क्लस्टरची 'एन्फोर्स्ड अँटी-अफिनिटी' 1 केली की तो कडक होतो, मग जागा नसलेली व्हीएम बंदच राहते. प्रॉक्समॉक्स या ओपन सोर्स प्रणालीत जुन्या एचए ग्रुपना फक्त नोडची पसंती कळायची. दोन व्हीएम एकमेकींपासून दूर ठेवायची सोय 2025 मधल्या 9 व्या आवृत्तीत आली. जुन्या ग्रुपमधली 'रिस्ट्रिक्टेड'ची खूण म्हणजे मस्टच: ग्रुपमधला एकही नोड जिवंत नसेल, तर व्हीएम थांबून राहते. शिवाय पसंतीचा नोड परत आला की व्हीएम आपोआप तिकडे जाते. नोड वारंवार पडत-उठत असेल तर तीही तितक्याच खेपा घालते. कारण सापडेपर्यंत हे आपोआप परतणं, म्हणजे फेलबॅक, बंद ठेवा.

होस्ट वेगळे, पण संकट एकच

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरलं, ते इथे कोणी विसरलेलं नाही. तळमजल्यावरच्या सर्व्हर रूमचा विचार करा. दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि डीएनएस सांभाळणारे सर्व्हर) नियमाने दोन होस्टवर आहेत, पण दोन्ही होस्ट एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर, एकाच स्टोरेजला जोडलेले. डीआरएसला होस्ट कळतो, मजला कळत नाही. तो तुम्हालाच सांगावा लागतो. वरच्या मजल्यावर एखादा होस्ट हलवता आला, तर मजल्यानुसार होस्ट ग्रुप करा आणि एकेक डोमेन कंट्रोलर एकेका ग्रुपला 'शुड'ने जोडा. स्टोरेज एकच असेल, तर एका डोमेन कंट्रोलरची डिस्क होस्टच्या लोकल डिस्कवर ठेवा. ती व्हीएम सहज हलणार नाही, आणि तो होस्ट मेला तर एचए तिला उठवणारही नाही. पण सॅन (ते सामाईक स्टोरेज) गेलं तरी लॉगिन आणि डीएनएस चालू राहतं, माझ्या मते तो सौदा फायद्याचा.

क्लस्टर सांभाळणाऱ्या व्हीसेंटरच्या व्हीएमलाही ठरावीक होस्टचा 'शुड' लावा. सगळं बंद पडून पुन्हा उठवताना ती कुठे आहे हे एकेका होस्टवर लॉगिन करून शोधत बसावं लागत नाही.

ग्रुप शिळे होतात

नवा होस्ट क्लस्टरमध्ये आला म्हणजे होस्ट ग्रुपमध्ये आला असं नाही. व्हीएम क्लस्टरमधून काढून परत आणली तरी तिचं ग्रुपमधलं सदस्यत्व जातं. बॅकअपमधून नवी म्हणून रिस्टोअर केलेली व्हीएम तर ग्रुपला ओळखतच नाही. म्हणून रिस्टोअरनंतर ग्रुपची यादी उघडून बघाच. तशीच नियमांचीही. व्हीएम-व्हीएम नियमांत दोन परस्परविरोधी निघाले, तर जुना चालतो आणि नवा डिसेबल होतो.

व्हीएम हलतच नाही, तेव्हा

आधी ऑटोमेशनची पातळी बघा. 'पार्शली ऑटोमेटेड' असेल तर डीआरएस फक्त पॉवर ऑन करताना जागा निवडतं. पुढचं हलवणं ही नुसती शिफारस असते, ती तुम्ही अप्लाय करायची असते. त्या एका व्हीएमला वेगळा ओव्हरराइड आहे का, तेही तपासा.

मग नियम बाजूला ठेवून हाताने मायग्रेट करून बघा. बऱ्याचदा दोष नियमाचा नसतोच: लोकल डेटास्टोअरवरची आयएसओ (सीडीची फाइल) जोडलेली राहिलेली असते, दुसऱ्या होस्टवर पोर्ट ग्रुपच्या (व्हीएम ज्या नेटवर्कला जोडलेली असते त्याच्या) नावात एका अक्षराचा फरक असतो, किंवा प्रोसेसरची पिढी वेगळी असते. पिढ्यांचा फरक ईव्हीसीने (सगळ्या होस्टचे प्रोसेसर एकाच पातळीचे दाखवणारी व्हीस्फिअरची सोय) सांभाळता येतो. इंटेलवरून एएमडीवर चालू व्हीएम जात नाही, तिथे ती बंद करूनच हलवावी लागते. प्रॉक्समॉक्समध्ये सीपीयूचा प्रकार 'होस्ट' ठेवला असेल आणि नोड वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील, तर मायग्रेट झालेली व्हीएम कोसळू शकते.

नियम बसले की नाही हे तपासायला उत्तरायण (संक्रांत) आणि वासी उत्तरायण (तिचा दुसरा दिवस) हे दोन दिवस बरे, बरेचसे कारखाने बंद असतात. एकेक होस्ट मेंटेनन्स मोडला टाका आणि जी व्हीएम अडकेल तिचा नियम त्याच दिवशी बदला. त्यातून एचएची परीक्षा होत नाही, कारण व्हीएम चालूच असतात. त्यासाठी बिनमहत्त्वाच्या व्हीएम असलेल्या एका होस्टची पॉवर खरोखर काढा, आणि कुठली व्हीएम कुठे उठली ते इव्हेंट लॉगमध्ये वाचा.