आजोबा ‘बोटीवर’ होते, पण कुठल्या?

कोकणात ‘आजोबा बोटीवर होते’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या मावतात. एक सरकारी आरमाराची, म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीची. दुसरी व्यापारी जहाजांवरच्या खलाशाची. दोन्हींची दफ्तरं वेगळी असल्यामुळे आधी हा निवाडा करा. चुकीच्या दारात अर्ज टाकला की ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं आणि घरातले तिथेच शोध सोडून देतात.

निवाडा बहुतेकदा घरातल्या ट्रंकेतच होतो. ‘नली’ म्हणून जपलेली पुस्तिका निघाली, तर आजोबा व्यापारी जहाजावर होते. तिच्यात प्रत्येक सफरीची ओळ असते: जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याची तारीख, हुद्दा आणि बहुधा जहाजाचा अधिकृत क्रमांकही. सारंग, टंडेल, सुकाणी, आगवाला, भंडारी हे हुद्देही बहुधा व्यापारी बोटींवरचे. नावापेक्षा क्रमांक जपून उतरवा. एका नावाची अनेक जहाजं असतात, क्रमांक मात्र एकाचाच. १९३९ ते १९५० मधल्या ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांचे खलाशी-करार लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘बीटी ३८१’ या मालिकेत याच क्रमांकाने लावलेले आहेत. युद्धकाळात जहाज कुठून कुठे गेलं त्याची कार्डं ‘बीटी ३८९’ मध्ये आहेत.

पदकं निघाली तर नीट बघा. सहा टोकांच्या पितळी रंगाच्या ताऱ्यावर मधल्या वर्तुळात त्याचं नाव कोरलेलं असतं: बर्मा, आफ्रिका, अटलांटिक. त्यावरून आजोबा कुठल्या समुद्रात होते ते कळतं, जहाज कळत नाही. युद्धातले तारे व्यापारी खलाशांनाही मिळत, तेव्हा नुसत्या ताऱ्यावरून आरमार ठरवू नका. भारताचा नकाशा कोरलेलं गोल इंडिया सर्व्हिस मेडल मात्र सैन्यदलांतल्यांचं. पदकाच्या कडेवर किंवा मागे नाव-क्रमांक आहे का, तेही भिंगाने पाहा. ब्रासो लावू नका, बारीक अक्षरं झिजतात.

आरमारातलेच ठरले, तर शोधायची पहिली गोष्ट जहाज नव्हे, सेवा क्रमांक. तो डिस्चार्जच्या कागदावर, पगारपुस्तकावर, कधी पेन्शनच्या पत्रावर असतो. घरात काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आजीने कधी माजी सैनिकाची विधवा म्हणून मदतीचा अर्ज केला असेल, तर त्याला कागदाची नक्कल जोडलेली असू शकते. आजोबा १९४६ च्या नाविकांच्या उठावात होते आणि त्याबद्दल स्वातंत्र्यसैनिक पेन्शन मागितली होती असं घरात बोललं जात असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयातली ती फाइलही मागवा. हा रस्ता फारसा कुणाला सुचत नाही.

मग नाविकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कमोडोर, ब्यूरो ऑफ सेलर्स, चीता कॅम्प, मानखुर्द, मुंबई या कार्यालयाला पत्र लिहा. ‘माहिती मिळावी’ असं मोघम लिहू नका. ‘सेवा-नोंदीची प्रमाणित प्रत, जहाजं व तळ, तारखांसह’ असं मागा. सोबत नातं सिद्ध करणारे कागद, मृत्यूचा दाखला आणि क्रमांक जोडा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज नौदलाकडे करता येतो. अधिकाऱ्यांच्या नोंदी या ब्यूरोकडे नसतात, त्यासाठी दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडे लिहावं लागतं.

क्रमांक नसेल तर नाव, वडिलांचं नाव आणि गाव या तिघांवर भिस्त. इथे दोन घोळ होतात. एक, आडनाव नोंदलेलंच नसतं, नुसतं ‘महादेव बाबाजी’ असतं; शिवाय सावंत कधी ‘व्ही’ने तर कधी ‘डब्ल्यू’ने. दोन, जिल्हा. मालवण-वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सावंतवाडी वेगळं संस्थान होतं, मुरूड-श्रीवर्धन जंजिरा संस्थानात आणि अलिबाग ‘कुलाबा’ जिल्ह्यात. आजचे सिंधुदुर्ग किंवा रायगड लिहून शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

नोंद हातात आली की सगळ्यात मोठी चूक इथे होते. ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागलेलं प्रत्येक नाव जहाजाचं नसतं. जमिनीवरच्या तळांनाही जहाजासारखीच नावं असत. १८ फेब्रुवारी १९४६ ला उठाव सुरू झाला ती ‘तलवार’ म्हणजे मुंबईतली सिग्नल शाळा. ‘डलहौसी’ म्हणजे कॅसल बॅरॅक्स, ‘शिवाजी’ लोणावळ्याची, ‘वलसुरा’ जामनगरजवळची. पुढे १९५९ मध्ये आणि २००३ मध्ये ‘तलवार’ नावाच्या खऱ्या युद्धनौका आल्या. त्यांचा फोटो इंटरनेटवरून काढून आजोबांच्या तसबिरीशेजारी टांगलेला दिसतो, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

म्हणून नाव आणि तारीख नेहमी जोडीने वाचा. ‘जमना’ आणि ‘सतलज’ १९४३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत होत्या. ‘बंगाल’ ११ नोव्हेंबर १९४२ ला दोन जपानी जहाजांशी लढली. आजोबा त्या दिवशी तिच्यावर होते की महिन्याभराने चढले, हे तारीखच सांगते. रकान्यातलं ‘डी.डी.’ म्हणजे मृत्यूमुळे नाव कमी केलं आणि ‘रन’ म्हणजे नोकरी सोडून पळाला. हे घरच्यांना सांगायच्या आधी दोनदा वाचून घ्या.

युद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात दुसऱ्या महायुद्धातले ६,००० हून अधिक व्यापारी खलाशी आणि ४०० हून अधिक आरमारी नाविक नोंदलेले आहेत. नोंदीत कधी गाव आणि बायकोचं नावही सापडतं. संकेतस्थळावर आडनावाने काही आलं नाही तर पहिल्या नावाने शोधा.